वाण, बेणे आणि यकृताचा कर्करोग



या पानावर आम्ही आजवर लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहीत आलो. या अंकात मात्र उसाच्या नव्हे, तर माणसाच्या रोगाविषयी लिहीत आहोत. त्याला तसेच कारण घडले.

गेल्या गळीत हंगामात आपल्या एका गटातील सभासद यकृताच्या कर्करोगाने गेले. वय अवघे ४६. माळकरी माणूस, दारूला कधी शिवले नाहीत. भूक गेली, वजन उतरले, पोट फुगले म्हणून दवाखान्यात नेले, तेव्हा यकृतातली गाठ मुठीएवढी झाली होती. दोन महिन्यांत सारे संपले. पुढे ऊसनोंदीच्या कामासाठी आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो असता त्यांचे थोरले बंधू आम्हाला बांधाकडे बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, आमचं वडील बी असंच पोटात पाणी होऊन गेलं. आता धाकटा गेला. तुम्ही उसाच्या वाणाचं एवढं सांगता, मग आमच्या वाणातच हा रोग हाय का? पोरींची लग्नं ठरायची हायत. लोक इचारत्यात."

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही शेतकी पदविकेचे लोक, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न वाणाचा होता, म्हणून तो आमच्या डोक्यातून जाईना. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांकडे दोन-तीन वेळा बसलो, मिळाले ते वाचले, समजले नाही ते पुन्हा विचारले. त्यातून जे हाती लागले ते त्या कुटुंबाच्या संमतीने, नाव-गाव न घालता, येथे मांडत आहोत.

वाण वेगळे, बेणे वेगळे

पहिली गोष्ट आपल्याच शेतातली. काणी रोग आपण सर्वांनी पाहिला आहे. शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि बेट वाया जाते. को ७४० या जुन्या वाणावर काणी लवकर येत असे. को ८६०३२ तिला बऱ्यापैकी तोंड देतो. हा झाला वाणाचा गुण. तो उसाच्या जनुकांत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या सूक्ष्म बीजघटकांत असतो. तो धुऊन जात नाही आणि बेणेप्रक्रियेने बदलतही नाही.

पण काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनही येतात. रोगट प्लॉटातले बेणे आणले की चांगल्या वाणातही रोग उगवतो. बाप प्लॉटात रोग, लेक प्लॉटात रोग, असे पाहणाऱ्याला वाटते की वाणच बाद झाले. प्रत्यक्षात वाण तेच असते, दोष बेण्याबरोबर आलेल्या जंतूचा असतो. म्हणून तर आपण उष्ण बाष्प प्रक्रिया केलेले पायाभूत बेणे आणि त्यापासून पुढचे बेणेमळे यांचा एवढा आग्रह धरतो.

एकाच घरात एकच रोग पुन्हा पुन्हा दिसतो, तेव्हा हा फरक माणसाच्या बाबतीतही आधी पाहिला पाहिजे. वाणातून आले की बेण्यातून? उत्तर निराळे, तसा उपायही निराळा.

एका शास्त्रज्ञाचीही अशीच गल्लत झाली

अमेरिकेतील डॉक्टर बरुच ब्लुमबर्ग हे माणसामाणसांच्या रक्तातील आनुवंशिक फरक शोधत होते. एकाला रोग होतो, दुसऱ्याला का होत नाही, याचे उत्तर त्यांना रक्तात सापडेल असे वाटे. त्या शोधात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक नवे प्रथिन आढळले. १९६५ साली ते त्यांनी जाहीर केले. त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असे नाव पडले. ते काही घराण्यांत एकगठ्ठा सापडे. साहजिकच हा वारशाने येणारा गुण असावा असे त्यांनी धरून चालले.

पुढे १९६६ च्या सुमारास एक अडचण उभी राहिली. एका रुग्णाच्या रक्तात ते प्रथिन आधी नव्हते. काही काळाने तपासले तर होते आणि मधल्या काळात त्याला कावीळ झाली होती. वाणाचा गुण असा मधेच उगवत नाही. को ७४० चा ऊस श्रावणात को ८६०३२ होत नाही! तेव्हा हा वारसा नसून लागण आहे, हे ध्यानात आले. ते प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचे बाहेरचे आवरण निघाले. आपल्याकडे लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तोच हा रोग. या शोधाबद्दल ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतःची चूक उघड मान्य केल्यामुळेच त्यांना खरा रोग सापडला, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

हा विषाणू रक्तातून, असुरक्षित सुईतून, वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून जातो. सर्वांत महत्त्वाची वाट म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाकडे. मोठेपणी लागण झाली तर शंभरांत पाचांहून कमी माणसांत तो कायमचा ठाण मांडतो. जन्मतः झाली तर सुमारे नव्वदांत. अशी माणसे वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात, ऊस तोडतात, मोळ्या उचलतात. डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. चाळिशी-पन्नाशीत यकृत निबर होते किंवा थेट गाठच दिसते. एका आईची तीन मुले असा विषाणू घेऊन वाढली, तर गाव म्हणणारच की रोग घराण्यात आहे. पण हे वाण नव्हे, हे बेण्यातून आलेले दुखणे.

याचा पुरावा तैवानमधून आला. तेथे २२,७०७ पुरुषांची रक्ततपासणी करून त्यांच्यावर काही वर्षे नजर ठेवली. १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यकृताच्या कर्करोगाने ४१ जण गेले होते, त्यांपैकी ४० जणांच्या रक्तात हा विषाणू आधीपासून होता. मग १९८४ पासून तैवानने नवजात बाळांना लस देण्याची मोहीम घेतली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांत या कर्करोगाचे प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात लाखामागे ०.७० होते, ते १९९० ते १९९४ मध्ये ०.३६ वर आले. लोक तेच, घराणी तीच, जनुके तीच. बदलली ती फक्त बेणेप्रक्रिया!

मग वाणाचा वाटा काहीच नाही का?

आहे, आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विषाणू असलेल्या सर्वांनाच कर्करोग होत नाही. ज्यांच्या सख्ख्या नात्यात हा कर्करोग झाला आहे, त्या विषाणूधारकांना धोका जास्त असतो, असेही आढळले आहे. तेव्हा जनुकांचा वाटा कसा पडतो ते समजून घेऊ.

यकृत म्हणजे लिव्हर. कारखान्यात रस शुद्धीकरण विभागाचे जे काम, तेच शरीरात यकृताचे. आलेला माल तपासायचा, गाळ वेगळा काढायचा, विषारी ते निर्विष करून बाहेर टाकायचे. ही कामे विकरे करतात आणि कोणते विकर किती जोमदार, हे जनुकांवर ठरते.

उदाहरण भुईमुगाचे घेऊ. ओलसर शेंगा, मका यांवर हिरवट-पिवळी बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष प्रथम ओळखू आले. आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागांत, १९७४ साली काढणीच्या वेळी पाऊस लागून मका बुरसटला. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. यकृताच्या दुखण्याने ३९७ माणसे आजारी पडली, १०६ दगावली. त्यांच्याबरोबर तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली.

एवढे विष एकदम पोटात गेले तर माणूस तत्काळ आजारी पडतो. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर बाहेरून काहीच कळत नाही, पण यकृताच्या पेशींतील जनुकांवर घाव पडत राहतात. यकृतात या विषाचा प्रथम एक जहाल प्रकार तयार होतो. मग दोन विकरे त्याला निर्विष करायला धावतात. ज्यांच्यात ही विकरे मंद आहेत, किंवा त्यांपैकी एक जन्मतःच नाही, त्यांच्यात विष जास्त शिल्लक राहते. घाना आणि चीनमधील लोकांच्या अभ्यासातून १९९५ साली हे पुढे आले. जेवण तेच, ताटही तेच. पण एकाच्या यकृताला झळ कमी आणि दुसऱ्याच्या यकृताला जास्त. हा खरा वाणाचा फरक.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. अफ्लाटॉक्सिनच्या घावाने यकृतपेशीतील एका पहारेकरी जनुकात ठरावीक जागी बदल होतो. चीनमधील चीतुंग परगणा आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग येथील रुग्णांच्या गाठींत हा बदल सापडल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. हासुद्धा जनुकातलाच बदल. पण तो आईबापांकडून आलेला नाही आणि मुलाबाळांकडे जाणारही नाही. कुळवाचा फाळ लागून कांडीला जखम होते, म्हणून वाण बदलत नाही, तसेच हे. तेव्हा "जनुकात बिघाड होता" असे डॉक्टर म्हणाले की लगेच घराण्याला बोल लावू नये. बिघाड जन्माचा की जगताना लागलेला, हे विचारावे.

आता बेरीज पाहा. चीनमधील शांघाय येथे १८ हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला. नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका सुमारे साडेतीन पट, नुसत्या हिपॅटायटिस बीने सुमारे सात पट. दोन्ही एकत्र आले तेव्हा मात्र दहा-अकरा पट नव्हे, तर जवळजवळ साठ पट! खोडकिडा आणि पाण्याचा ताण एकाच वेळी आले की उसाचे काय होते, ते आपण जाणतोच.

दारू, साखर आणि चरबीचे यकृत

आपल्या भागात आता तिसरे कारण वाढते आहे. पोटाचा घेर, मधुमेह आणि दारू. यात यकृतात चरबी साठते, पुढे ते निबर होते. येथेही वाण आहे. २००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक शोधला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. हा फरक एका प्रतीत असेल तर यकृतात चरबी साठण्याचा, पुढे सिरोसिसचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो. दोन्ही प्रतींत असेल तर आणखी वाढतो. आपल्या देशातील लोकांतही तो आढळतो. उलट बाजूने, २०१८ साली एचएसडी-१७-बी-१३ या जनुकातील असा एक फरक सापडला की तो असणाऱ्यांचे यकृत दारू आणि चरबी यांचा मारा तुलनेने बरा सोसते. म्हणजे जनुकांतला फरक हा नेहमी शापच असतो असे नाही.

मात्र या वाचनात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली माहिती. पीएनपीएलए-३ मधला तोच फरक सडपातळ माणसात थोडे नुकसान करतो आणि लठ्ठ माणसात पुष्कळ. वजन जसे वाढते तसा जनुकाचा जोर वाढतो. चिबड जमिनीत नाजूक वाणाची मुळे कुजतात; तेच वाण निचऱ्याच्या रानात उभे राहते. वाण आपल्या हाती नाही, निचरा आपल्या हाती आहे.

म्हणून "आमचा आजा रोज पावशेर मारून नव्वद वर्षे जगला" हा दाखला कृपा करून कोणी देऊ नये. आजोबांना मिळालेली जनुके तुम्हाला जशीच्या तशी मिळालेली नाहीत. निम्मी दुसऱ्या घरातून आली आहेत. आणि "आमच्या नशिबातच आहे" हेही खरे नाही. दोन्ही बोलणी सोयीची आहेत, कारण दोन्हींत करायचे काही उरत नाही.

आता करायचे काय?

१) रक्ताची तपासणी. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्हींसाठी प्रत्येक प्रौढाने एकदा तरी करावी. घरात कोणी यकृताच्या दुखण्याने गेले असेल, तर आई, भावंडे, पत्नी आणि मुले सर्वांची करावी. २०१८ पासून शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जनुकांच्या महागड्या तपासण्यांच्या मागे आधी धावण्याचे कारण नाही.

२) नवजात बाळाला २४ तासांच्या आत लस. देशभरच्या लसीकरणात हिपॅटायटिस बी लस २०११ पासून आली आहे. जन्माच्या डोसनंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पुढचे डोस असतात. गरोदर लेकी-सुनांची तपासणी आधीच करून घ्यावी. ऊसतोड टोळीतील भगिनींचे बाळंतपण फडाजवळच्या झोपडीत होऊ देऊ नये. मुकादम आणि चिटबॉय यांनी हे आपले काम समजावे.

३) मोठ्यांनाही लस घेता येते. तपासणीत विषाणू नाही असे आले तर तीन डोस घ्यावेत.

४) विषाणू निघाला तर घाबरू नये. बी आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. त्या मनाने बंद करू नयेत. सी तर बहुतेकांचा सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ज्यांना धोका जास्त त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली तर उपाय चालतो. माळ घालून, नाकात रस पिळून हा विषाणू जात नाही. वेळ तेवढा जातो.

५) शेंगा आणि मका नीट वाळवून, जमिनीपासून उंचावर साठवावेत. काळ्या, सुरकुतलेल्या, बुरसटलेल्या शेंगा निवडून टाकाव्यात. त्या गाईलाही घालू नयेत. विषाचा अंश दुधात उतरतो.

६) दारू बंद. वजन आणि साखर ताब्यात. ज्यांच्या घरी यकृताचे दुखणे झाले आहे त्यांना तर यात सवलत नाही.

७) एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने, शेजारी बसल्याने हा रोग लागत नाही. कोणाला वेगळे काढू नये. जोडीदाराने लस घेतली की लग्नालाही अडचण नाही.

त्या वस्तीवर

हे सर्व घेऊन आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. आई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यासह घरची मंडळी ट्रॅक्टरमधून तालुक्याला गेली. आईच्या आणि थोरल्या बंधूंच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. बहीण, दिवंगत सभासदांच्या पत्नी, त्यांच्या दोन्ही मुली आणि थोरल्यांची मुले निर्दोष निघाली. त्यांची लस सुरू आहे. थोरल्यांना भावाच्या रोगामुळे धोका जास्त, म्हणून त्यांची औषधे आणि सहामाही सोनोग्राफी सुरू झाली.

अहवाल कळल्यावर आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्याकडनंच गेलं म्हणायचं पोराला." आम्ही सांगितले, आई, तुमचे बाळंतपण झाले तेव्हा ही लस देशात कुठे मिळतच नव्हती. जे ठाऊक नव्हते आणि हाती नव्हते, त्याचा दोष कुणाचा नाही. आता ठाऊक झाल्यावर जे करणार नाहीत, त्यांच्याकडे मात्र दोष जाईल.

मधले बंधू अद्याप तपासणीला गेलेले नाहीत. "काय निघायचं ते निघू दे, कशाला बघायचं" असे म्हणतात. ते हे वार्तापत्र वाचतात, हे आम्हाला माहीत आहे. दादा, बेणे तोडण्याआधी प्लॉट पाहायला तुम्ही आम्हाला दरवर्षी न चुकता बोलावता. एकदा स्वतःचाही प्लॉट पाहून घ्या. आरोग्य केंद्रात तपासणी सकाळच्या वेळात होते. आम्ही गटकार्यालयात असतो, बरोबर येऊ.

— ऊस विकास अधिकारी